सीईटीत ५८ पर्सेंटाईल : कॅप फेऱ्यांची वाट पाहावी की व्यवस्थापन कोट्यातली जागा आताच घ्यावी?

एक पालक

नमस्कार. माझ्या मुलीला बारावी विज्ञान शाखेत ७४ टक्के गुण मिळाले. मात्र एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात तिचे पर्सेंटाईल ५८ च्या आसपासच राहिले. तिला संगणक अभियांत्रिकीच करायची आहे. आम्ही इतर मागासवर्गात मोडतो आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. एका खासगी महाविद्यालयातून रोज फोन येतो आणि एवढ्या पर्सेंटाईलवर कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, काहीच मिळणार नाही, तेव्हा व्यवस्थापन कोट्यातली, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते ती, जागा आताच पैसे भरून निश्चित करा, असे सांगितले जाते. हे कितपत खरे आहे? बारावीच्या चांगल्या गुणांचा काही उपयोग होतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त प्राध्यापक

पैसे भरू नका, निदान कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत तरी नाही.

सर्वांत महत्त्वाचे कारण आधी सांगतो, कारण फोन करणारी मंडळी ते कधीच सांगत नाहीत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य शासन पूर्णपणे भरते. परंतु ही सवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळते. व्यवस्थापन कोट्यातील आणि संस्थास्तरावरील प्रवेश तिच्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. म्हणजे तेच महाविद्यालय आणि तीच शाखा असली, तरी घाईने कोट्यातून प्रवेश घेतल्यास चारही वर्षांचे शुल्क तुमच्या खिशातून जाईल.

आता पर्सेंटाईलविषयी. ५८ पर्सेंटाईल म्हणजे शंभरांपैकी ५८ गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण ५८ टक्के विद्यार्थी तुमच्या मुलीच्या बरोबरीने किंवा तिच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. राज्यातील विद्यार्थ्यांसाठी पात्रतेची अट सीईटीत शून्याहून अधिक गुण आणि बारावीत भौतिकशास्त्र, गणित व तिसरा विहित विषय मिळून किमान ४५ टक्के, तर राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के, अशी आहे. बारावीचे काम मुख्यतः तेथेच संपते. पुढचा गुणवत्ता क्रमांक सीईटीवरून लागतो. तेव्हा ७४ टक्क्यांनी तिची पात्रता भक्कम झाली आहे, क्रमांक मात्र त्यामुळे वर सरकणार नाही.

एवढ्या पर्सेंटाईलवर काय मिळते, याचे उत्तर मला किंवा त्या फोनवाल्यांना विचारण्यापेक्षा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरील मागील वर्षांच्या कटऑफ याद्यांत पाहावे. तेथे प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक शाखेसमोर, प्रवर्गनिहाय आणि फेरीनिहाय, शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाईलला झाला ते दिलेले असते. सर्वसाधारण रकाना वाचून थांबू नका. कॅपमधील ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात आणि त्यांचे रकाने इंग्रजी ‘एल’ या अक्षराने सुरू होतात. तुमच्या प्रवर्गाचा तो रकाना पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत कसा खाली येत गेला, हे वहीत उतरवून काढा. नामांकित महाविद्यालयांत संगणक शाखा या पर्सेंटाईलवर मिळणार नाही, हे मात्र आत्ताच मान्य करावे लागेल.

उत्पादन विभागातील अभियंता

वरील उत्तराशी सहमत आहे, पण संगणक शाखेच्या हट्टाविषयी थोडे बोलावेसे वाटते. प्राध्यापक अपुरे आणि प्रयोगशाळा नावापुरत्या असलेल्या महाविद्यालयात केवळ नावासाठी संगणक शाखा घेण्यापेक्षा, चांगल्या महाविद्यालयातील स्थापत्य, यंत्र किंवा विद्युत अभियांत्रिकी मी निवडीन. या शाखांचे कटऑफ बहुधा पुष्कळ खाली असतात. महाविद्यालय पारखताना एनबीए या राष्ट्रीय मानांकन मंडळाचे मानांकन संस्थेला नव्हे, तर स्वतंत्र अभ्यासक्रमाला मिळते, हे ध्यानात ठेवावे. आमचे महाविद्यालय मानांकित आहे असे कोणी सांगितले, तर कोणती शाखा आणि कोणत्या वर्षापर्यंत, असे विचारून घ्यावे.

तंत्रनिकेतनातील शिक्षिका

शाखेच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. मुलीला खरोखर संगणकाचीच ओढ असेल, तर चार वर्षे नावडता विषय शिकण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी आणखी एक वाट आहे. बारावी विज्ञान झालेल्या विद्यार्थ्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविका पूर्ण झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. तेथे सीईटी नसते, पदविकेच्या गुणांवर क्रमांक लागतो. पदवीच्या पहिल्या वर्षी रिक्त राहिलेल्या जागाही त्या प्रवेशासाठी उपलब्ध होतात. या मार्गाने चारऐवजी पाच वर्षे लागतात, पण पदविकेत मन लावून अभ्यास केल्यास आज आवाक्याबाहेर असलेले महाविद्यालयही मिळू शकते. ज्यांची सीईटी बिघडली पण अभ्यासाची सवय चांगली आहे, अशांना हा मार्ग मानवतो, आणि तुमच्या मुलीचे बारावीचे गुण तेच सुचवतात.

एक पालक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. शुल्कमाफीचा मुद्दा आम्हाला अजिबात ठाऊक नव्हता. आणखी एक शंका : विकल्प अर्जात अवघड महाविद्यालये वर लिहिली, तर खालची मिळण्याची शक्यता कमी होते का? आमच्या परिचितांनी मिळण्यासारखे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिण्याचा सल्ला दिला आहे.

निवृत्त प्राध्यापक

हा सल्ला कृपया पाळू नका. संगणक प्रणाली गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली तपासते आणि जो पहिला विकल्प उपलब्ध असेल तो देते. वरचे दहा विकल्प मिळाले नाहीत, म्हणून अकराव्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट २०२५-२६ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या असून पहिल्या फेरीत पहिला विकल्प, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एक, किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाला, तर तो स्वीकारावाच लागतो. नाकारल्यास पुढील कॅप फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. परिचितांच्या म्हणण्याप्रमाणे सोपे महाविद्यालय सर्वांत वर लिहिले, तर पहिल्याच फेरीत तेथे अडकून पडाल. क्रम नेहमी पसंतीचा असावा, आणि जेथे मुलीला मुळीच पाठवायचे नाही असे नाव यादीत कोठेही नसावे. अर्जात ३०० पर्यंत विकल्प भरता येतात. तुमच्या पर्सेंटाईलला यादी लांब ठेवणेच हिताचे आहे.

दरम्यान जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू मुदतीचे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र हाताशी आहे का, ते आजच पाहा. ही कागदपत्रे विहित मुदतीत सादर झाली नाहीत, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपली असेल, तर सेतू केंद्रात उद्याच अर्ज करा आणि पावती जपून ठेवा. पावतीवर तात्पुरता प्रवेश दिला जातो का आणि मूळ प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत द्यावे लागते, ते यंदाच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्या.