मदत हवी आहे: टच माउसवर स्क्रोल होत नाही

सुलभा_ठाणे:
नमस्कार. वरून गुळगुळीत, चाक नसलेला चार्जिंगचा वायरलेस माउस भावाने आणून दिलाय. दिवसभर चाक फिरवून माझ्या उजव्या तर्जनीचं मधलं पेर सुजलंय, म्हणून मुद्दाम मागवला. कर्सर हलतो, क्लिक होतं, पण बोट फिरवून पान खाली-वर सरकतच नाही. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीची जीएसटी विवरणपत्रं) भरायचे आहेत. कृपया लवकर सांगा.

पाणकोंबडा:
कंपनी कोणती, मॉडेल कोणतं? एवढ्यावरून काय सांगणार?

सुलभा_ठाणे:
पांढरा आहे. चार्जिंगचं भोक पोटाखाली, पाठीवर सफरचंद.

कोकणचा_नाना:
म्हणजे ॲपलचा मॅजिक माउस. उताणा पाडूनच चार्ज करावा लागतो, तेवढा वेळ काम बंद. २००९ च्या पहिल्या मॉडेलमध्ये दोन पेन्सिल सेल होते, बदलले की झालं. २०१५ मध्ये रिचार्जेबल केला तेव्हा भोक खाली गेलं, २०२४ मध्ये यूएसबी-सी आलं तरी तिथेच. माझं ऐका, जुना सेलवाला शोधा.

दीड_दमडी:
नाना, दोन मिनिटं चार्ज केला की नऊ तास चालतो असं कंपनी सांगते. चहा गाळेपर्यंत दिवसाची सोय झाली. सतत सेल फेकत बसणं बरं का?

कोकणचा_नाना:
फेकतंय कोण? मी रिचार्जेबल सेल वापरतो, एक जोडी माउसात, एक चार्जरवर. आतली बॅटरी म्हातारी झाली की तुमचा अख्खा माउस जातो, त्याचं बोला.

सुलभा_ठाणे:
अहो, चार्जिंग पूर्ण आहे. मी स्क्रोलचं विचारतेय!

मनगट:
ताई, बोट सुजलंय तर माउसच बदला. मी दोन वर्षं व्हर्टिकल माउस वापरतोय. हस्तांदोलनाला धरावा तसा हात राहतो, मनगटाची कळ गेली. पहिला आठवडा जड जातो.

पाणकोंबडा:
मनगट, त्यालाही चाक असतंच की. त्यांचं बोट दुखतंय, मनगट नाही. ताई, पाठ कोरड्या मऊ कापडाने पुसा, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये माउस उघडून बघा.

सुलभा_ठाणे:
पुसला. सिस्टिम सेटिंग्ज नावाचं काही दिसत नाही. ऑफिसचा लॅपटॉप आहे, विंडोज ११.

पाणकोंबडा:
विंडोज! हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं, मी मॅक (ॲपलचा कॉम्प्युटर) धरून चाललो होतो. माउस बिघडलेला नाही. बोट पाठीवर कुठे आहे आणि कसं सरकतंय हे तो ओळखतो, पण त्याचा अर्थ 'पान सरकव' असा लावण्याचं काम मॅकमधला ड्रायव्हर, म्हणजे माउसचे इशारे कॉम्प्युटरला समजावणारं सॉफ्टवेअर, करतो. विंडोजला तो साधा, बिनचाकाचा माउस वाटतो. खात्री करायची तर कुणाच्या मॅकला किंवा आयपॅडला जोडून बघा.

दीड_दमडी:
ॲपलच्या बूट कॅम्पमध्ये (मॅकवर विंडोज चालवायची सोय) विंडोजसाठीचा ड्रायव्हर असतो, तो टाकला की स्क्रोल चालतं. मी कुठल्याशा साइटवरून उतरवला होता.

पाणकोंबडा:
'कुठल्याशा साइटवरून' नको! त्या लॅपटॉपवर लोकांचे हिशेब आहेत. याच कामासाठी मॅजिक युटिलिटीज हे पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअरही आहे. काहीही टाकायचं तरी ॲडमिन पासवर्ड लागेल, तेव्हा आयटीवाल्यांनाच सांगा. तोवर पेज डाउन दाबा, तेवढीच बोटाला विश्रांती.

सुलभा_ठाणे:
मुलीच्या आयपॅडला जोडला. बोट नुसतं टेकवून वर ढकललं आणि पान सर्रकन सरकलं, पेरावर जराही ताण नाही. फार बरं वाटलं. आयटीला मेल टाकली आहे, सोमवारी येतो म्हणालेत. पाणकोंबडा, मनापासून आभार.

रानजाई:
मनगट, तो व्हर्टिकल माउस डावखुऱ्यांसाठी मिळतो का?