मोबाईलमुळे वजन खरंच उतरतं का?

दमलेलं_कासव:
डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलंय, बीपी बॉर्डरवर आलंय. म्हणून फोनमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप टाकलं, हातात पावलं-कॅलरी मोजणारा बँड पण बांधला. सुरुवातीला उत्साहात घास न घास अ‍ॅपमध्ये टाकत होतो, आता जाम कंटाळा आलाय आणि काटा काही हलत नाहीये. बँड म्हणतो आज ४०० कॅलरी जाळल्या, मग मी पण रात्री जरा हात सैल सोडतो. कुणाचं उतरलंय का खरंच अशाने? पेड व्हर्जन घेऊ का?

निवांत:
घोळ त्या ४०० मध्येच आहे हो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी २०१७ ला सात बँड-घड्याळं तपासली होती, हृदयाचे ठोके बहुतेकांचे बरोबर निघाले पण कॅलरीत सगळ्यात बऱ्या बँडची चूकसुद्धा सरासरी २७ टक्के! तेवढ्या कॅलरी जळल्या म्हणून जेवणात तेवढं जास्त खायचं नाही, अ‍ॅपमध्ये ते सेटिंग असेल तर बंद करून टाका.

खडूस_आजोबा:
बँडच काढा. २०१६ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय मासिकात आलं होतं, ४७१ तरुण मंडळी, आहार-व्यायामाचं मार्गदर्शन सगळ्यांना, पुढे काहींना बँड दिला आणि बाकीचे वेबसाइटवर स्वतःच नोंदी करत राहिले. दोन वर्षांनी बँडवाले साडेतीन किलोने कमी, बिनबँडवाले ५.९ ने. आणि ते १०,००० पावलांचं खूळ १९६५ च्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्रातून आलंय, डॉक्टरांनी काढलेलं नाही ते.

आहारवाली_ताई:
आजोबा, बँड नाही चालला म्हणजे फोनच बाद असं नाही ना. नोंद ठेवणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं हे पुन्हा पुन्हा दिसलंय, अडचण एवढीच की लोक महिन्याभरात सोडतात. दवाखान्यात नुसतं अ‍ॅप देऊन बघितलं तेव्हाही तेच झालं, पहिल्या महिन्यानंतर बहुतेकांनी ते फारसं उघडलंच नाही.

कासव, सगळं टाकत बसू नका. तेल, गोड पेयं आणि जेवणानंतरचं चरणं एवढंच लिहा, बाकी ताटाचा फोटो काढून कुणालातरी पाठवत जा, समोरून कुणी विचारणारं असलं की टिकतं, आणि पेडचे पैसे द्यायचेच तर त्यात खरा माणूस बोलतो का ते बघून द्या. वजन रोज केलंत तरी चालेल पण आठवड्याची सरासरी धरा, मीठ-पाण्यानेच एखाद-दोन किलो इकडेतिकडे होतं. पावलं आत्ता जेवढी होतायत त्यात हजार-दीड हजार वाढवा आधी. ८० किलोच्या माणसाचे ४ किलो गेले तरी बीपीला फरक पडतो. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून ठेवा. आणि आकडे बघून जेवायची भीती वाटायला लागली तर अ‍ॅप सरळ उडवा.

दमलेलं_कासव:
ताई, तेल कसं मोजू पण? स्वयंपाक मी करत नाही.

आहारवाली_ताई:
घरात महिन्याला किती तेल संपतं ते विचारा, त्याला माणसांनी भागा, मग तीसने. मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी.

खडूस_आजोबा:
आणि एखाद दिवस स्वयंपाक करून बघा की, अ‍ॅपची गरजच पडणार नाही :)