समुद्राकाठचं नवं हॉटेल आणि तिथला गोंगाट : तुमचे अनुभव सांगा

वाळूला लागून नवं हॉटेल उघडलं की जायची हौस येतेच. पण परतताना घसा बसलेला, कान गच्च झालेले, असं तुमचंही झालंय का? गाज ऐकायला जायचं आणि नेमकी तीच ऐकू येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. चांगलं-वाईट दोन्ही लिहा. कुठे बसलात, मालकांशी बोललात का, तेही सांगा.

*

बाबा कानाला मशीन लावतात. वाढदिवस त्यांचाच होता. मशीनमधून सगळंच मोठं होऊन येतं : ताटल्यांची खणखण, खुर्च्यांची करकर, डोक्यावरचा स्पीकर. थोड्या वेळाने त्यांनी मशीन काढून खिशात ठेवलं आणि आमच्याकडे बघून नुसते हसत राहिले. मला जेवण गेलं नाही. नंतर मशीन बसवून देणाऱ्या बाईंनी सांगितलं, की गोंगाट पाठीमागे येईल असं त्यांना बसवा, कारण बऱ्याच मशीनचे माइक समोरचा आवाज जास्त धरतात. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, ओठ दिसले की बरंच कळतं. आता टेबल आधी बघून ठेवतो.

*

तान्हं बाळ घेऊन गेलो होतो. ते मनसोक्त रडलं आणि एकाही टेबलावरून मान वळली नाही. मला तर ती जागा आवडली!

*

इमारतींमधल्या आवाजाचं काम करते म्हणून लिहिते. दोष ना समुद्राचा, ना माणसांचा. खाऱ्या वाऱ्यासाठी समोर काच लावतात, खाली फरशी, वर पत्रा, टेबलं उघडी. कापड दमट हवेत टिकत नाही म्हणून तेही नसतं. आवाज शोषणारं काहीच नाही, मग तो आपटत फिरतो. त्यात गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, शेजारचं टेबल त्याच्यावर चढवतं. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी हे १९११ मध्येच नोंदवलं होतं. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट झाली. उपाय अवघड नाहीत : छताला ओल सोसणारे ध्वनिशोषक, खुर्च्यांच्या पायांना रबर, दोन दणदणीत स्पीकरऐवजी हळू वाजणारे पुष्कळ छोटे. जागा नवी असतानाच सांगा. एकदा घडी बसली की मालक छताला हात लावत नाहीत.

*

मी अशाच ठिकाणी वेटर आहे. तुम्ही जेवून जाता, आम्ही पूर्ण पाळी तिथेच असतो. कामाच्या जागी आरोग्य जपण्यासाठी असलेल्या अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेची शिफारस आहे, की ८५ डेसिबलमध्ये आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चारच तास. गाणी हळू करा असं आम्ही म्हटलं तर कोणी ऐकत नाही, गिऱ्हाइकाने म्हटलं की लगेच होतं. तेव्हा कृपा करून म्हणा. आणि ऑर्डर देताना मेनूवर बोट ठेवा, चुकीचं ताट येणार नाही.

*

वेटरदादांचं वाचून काल मॅनेजरना सांगितलं. गाणी खाली आली आणि हळूहळू आसपासची टेबलंही हळू बोलायला लागली. ध्वनीवाल्या ताईंना एक विचारायचंय : वर नुसता पत्रा आहे, पावसाळ्याआधी त्याला काय लावायला सांगू?