आठवड्याचा पास सरसकट नको

तुमचे आई-वडील आठवडाभर नाशिकरोडला मुक्कामी असणार, त्यांच्या फिरण्यासाठी पास काढावा का, असं तुम्ही विचारलंत. एसटीचा 7 दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास (एकदा पैसे भरून एसटीने हवं तिथे फिरायचा) डोळे झाकून काढा, असं वर दोघा-तिघांनी सुचवलंय. मला ते पटत नाही.

तो पास एसटीचा आहे. पंचवटी, पांडवलेणी, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) हे शहरातलं फिरणं सिटीलिंकच्या बसने होणार आणि 2021 पासून शहराची ती सेवा महापालिकेची आहे. तिथे एसटीचा पास चालत नाही. शिवाय पासाचे दिवस सलग मोजले जातात. रामकुंडावर, काळारामाच्या देवळात निवांत घालवलेला दिवसही त्यातूनच वजा!

आता वयं बघा. वडील 75 पूर्ण असतील तर एसटी त्यांना मोफत, 65 ते 75 मध्ये असतील तर अर्धं तिकीट. आईंना तर 2023 पासून वयाची अट न ठेवता अर्धंच तिकीट आहे. त्र्यंबक जेमतेम 30 किलोमीटर, वणीचा गड 60-65. एवढ्यासाठी पास कशाला? गडावर चढणाऱ्या फ्युनिक्युलरचं (रुळांवरच्या ट्रॉलीचं) तिकीट तसंही वेगळं काढावं लागतं.

हां, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशी लांबची फेरी रोज असेल तर पास जरूर घ्या, पण त्याने जागा राखीव होत नाही. आरक्षण करून ठेवा, वयस्कर माणसांना उभं राहावं लागू नये. आणि सवलतीसाठी दोघांचं मूळ आधारकार्ड हाताशी, वरच्या खिशात असू द्या. गर्दीत पिशवी उपसत बसणं फार त्रासाचं होतं.