एक्स-रेवरचा कोन आणि मुलीची हनुवटी

प्रश्न:
मुलगी अकरा वर्षांची आहे. वरचे दात पुढे आहेत म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा बाजूने एक्स-रे काढायला लावला. रिपोर्टमध्ये एसएनए ८२, एसएनबी ७६, एएनबी ६, आणि शेजारी 'नॉर्मल २'. तेव्हापासून सासूबाई येताजाता तिची हनुवटी न्याहाळतात, आणि ती फोटोला बाजूने उभी राहायलाच तयार नाही. हे अंश नक्की काय मोजतात?

उत्तर:
ताई, मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात आणि जबडे नीट रांगेत आणणारी डॉक्टर आहे, हे आकडे रोज बघते. पिट्युटरी ग्रंथी ज्या खळग्यात बसते त्याचा मध्य म्हणजे 'एस'. नाकाच्या मुळाशी कपाळाचं आणि नाकाचं हाड जुळतं तो 'एन'. 'ए' वरच्या जबड्यावर, 'बी' खालच्या. 'एन'पासून 'एस' आणि 'ए'कडे जाणाऱ्या रेषांमधला कोन एसएनए, 'एस' आणि 'बी'कडे जाणाऱ्या रेषांमधला एसएनबी, आणि त्या दोन कोनांतला फरक एएनबी. म्हणजे कवटीच्या तळापासून प्रत्येक जबडा किती पुढे आहे, एवढंच हे कोन सांगतात. १९५३ मध्ये अमेरिकेत सेसिल स्टायनर यांनी ८२, ८० आणि २ हे आकडे मांडले. तुमच्या मुलीचा वरचा जबडा जागेवर आहे, खालचा मागे आहे. दात पुढे दिसतात ते बरंचसं त्यामुळे.

पण 'एन' बिंदूच थोडा पुढे किंवा मागे असला तर जबडे तसेच राहूनही एएनबी बदलतो. शिवाय ओठांची जाडी, नाक, हनुवटीवरचं मांस यांतलं काहीच त्यात येत नाही. एका कोनावरून चेहरा ठरवू नका, आणि तिच्यासमोर 'नॉर्मल' हा शब्द तर काढूच नका.

दुसरं उत्तर:
मी मानववंशशास्त्र शिकवतो. चेहरा किती पुढे झुकलेला किंवा उभा आहे हे दाखवणारा 'चेहऱ्याचा कोन' मोजण्याची पद्धत डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस काम्पर याने आणली. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७९१ मध्ये निघालं. ओरांगउटानला ५८ अंश, युरोपीय माणसाला ८०, ग्रीक पुतळ्यांना १००. पुढे लोकांनी त्याचीच वंशांची उतरंड केली. आपल्या इरावती कर्वे यांनी बर्लिनला मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकावर पीएचडी केली. गोऱ्यांच्या कवट्या त्या बाबतीत वेगळ्या असणार ही गुरूंची अटकळ मोजमापांत टिकली नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. परक्या देशात, गुरूच्या विरोधात! मला त्याचा फार अभिमान वाटतो.

प्रश्नकर्ती:
दोघांचे आभार. मग आत्ता काही करायचं का, की थांबायचं?

उत्तर:
थांबू नका. या वयात खालचा जबडा अजून वाढायचा असतो, वरच्यापेक्षा जास्त काळ वाढतो, त्यामुळे एएनबी थोडा आपोआपही उतरू शकतो. वाढीचा जोर असताना ट्विन ब्लॉकसारखं, खालचा जबडा पुढे धरणारं, काढता-घालता येणारं उपकरण चांगलं काम करतं. मात्र ते रोज बराच वेळ घालावं लागतं, म्हणून निर्णयात मुलीला घ्या. त्याच एक्स-रेत मानेचे मणके दिसतात, त्यावरून वाढ किती उरली आहे ते कळतं. डॉक्टरांना आधी तेच विचारा.