‘वूह्वाग्वो’ म्हणजे अंजीर की उंबर?

विचारणा : पारंपरिक चिनी औषधींवरील एका लेखाचे मराठी भाषांतर करताना ‘वूह्वाग्वो’ हा शब्द आला. त्याचा शब्दशः अर्थ ‘फुलाविना फळ’ असा होतो. त्याच फळाला जुन्या चिनी ग्रंथांत ‘यौथानबो’ असेही म्हटले आहे आणि हे तर उघडच आपल्या ‘उदुंबर’चे रूप आहे. मग मराठीत ‘उंबर’ लिहावे काय? शिवाय या फळाचा ‘पिंग’ हा गुण कोणत्या शब्दाने सांगावा?

प्रतिसाद : औषधाच्या संदर्भात ‘अंजीर’च लिहावे, असे माझे ठाम मत आहे. १५९६ साली छापल्या गेलेल्या ली शिझन यांच्या औषधिकोशात या फळाचे ‘यिंगरि’ असेही एक नाव दिलेले आहे आणि ते फारसी ‘अंजीर’चे चिनी उच्चारातले रूप होय, म्हणजे जो शब्द मराठीत आला, तोच चीनमध्येही पोहोचला होता. ‘उदुंबर’ तेथे बौद्ध ग्रंथांबरोबर गेला. फार दीर्घ काळाने एकदाच फुलणारे दुर्मिळ फूल हा त्या ग्रंथांतला त्याचा अर्थ आपल्या ‘उंबराचे फूल’ या वाक्प्रचाराशी तंतोतंत जुळतो. पुढे ते नाव अंजिरालाही चिकटले. दोन्ही झाडे एकाच कुळातली असून दोघांचीही फुले फळासारख्या दिसणाऱ्या गाभ्यात दडलेली असतात, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे मनुस्मृतीत ‘वनस्पति’ या शब्दाची व्याख्याच ‘अपुष्पाः फलवन्तो ये’ अशी केली आहे, हे आठवले की ‘वूह्वाग्वो’ मुळीच परके वाटत नाही.

चिनी वैद्यकात द्रव्याचे उष्ण, कोमट, थंडसर आणि थंड असे चार स्वभाव मानतात आणि यांपैकी कोणत्याही बाजूस न झुकणारे द्रव्य ‘पिंग’ ठरते. त्यासाठी ‘सम’ हा शब्द योग्य आहे. ‘समशीतोष्ण’ लिहिल्यास वाचकाला हवामान आठवेल, आणि आयुर्वेदानुसार ‘शीत’ लिहिल्यास मूळ विधानच बदलेल.

विचारणा : त्या कोशात अंजीर भूक वाढवते व जुलाब थांबवते असे आहे, तर आजच्या चिनी पुस्तकांत ते बद्धकोष्ठावर सांगितलेले आढळते. आपल्याकडेही ते सारकच मानतात. मग दुरुस्ती करावी काय?

प्रतिसाद : कृपया करू नये. दोन्ही विधाने आपापल्या काळाच्या निर्देशासह जशीच्या तशी द्यावीत. आजच्या उपयोगासाठी ‘सारक’ लिहावे, ‘रेचक’ नव्हे, कारण तेथे ‘आतड्यांना ओलावा देणारे’ असा सौम्य अर्थ आहे. कोरडा खोकला आणि घशाची खवखव यांवर अंजीर देण्यामागेही हीच ओलाव्याची कल्पना आहे. आणखी एक सूचना करतो. मूळव्याधीवर अंजिराच्या पानांचा उपयोग सांगताना आपण ‘धुरी’ लिहिले आहे. तेथे पाने जाळत नाहीत. त्यांच्या काढ्याची वाफ देऊन त्याच काढ्याने दुखरा भाग धुतात, म्हणून ‘वाफारा’ म्हणावे.