शब्दचर्चा : ‘काडतूस भरणे’ म्हणजे नक्की काय भरणे?

प्रश्न – अमळनेरहून

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी भाषांतर करतेय आणि तीन दिवस एका क्रियापदापाशी अडून बसलेय. लेख अमेरिकेतल्या नेमबाजांच्या छंदावर आहे. गोळी झाडून झाली की मागे पितळेचं नळकांडं उरतं. तिकडचे हौशी लोक ते फेकत नाहीत. घरी आणतात, साफ करतात, नवी दारू आणि नवी गोळी घालून पुन्हा वापरतात. त्यासाठी हातानं चालवायची अवजारं मिळतात. एक अगदी अडकित्त्यासारखं, दोन दांडे दाबायचे की काम झालं. रिचर्ड ली यांचा ‘ली लोडर’ तर त्याहून साधा. त्यांनी १९५८ मध्ये ही अवजारं करायला सुरुवात केली. रायफलच्या काडतुसांसाठीच्या त्यांच्या संचात चक्क हातोडीनं ठोकून सगळं उरकतं.

अडचण मुख्य अवजाराची नाही, त्याच्या सरंजामाची आहे. डाय, शेल होल्डर, प्राइमर ट्रे, पावडर मेजर, फनेल, लोडिंग ब्लॉक, ट्रिमर, डीबरिंग टूल. देवनागरीत उतरवून मोकळं होता येईल, पण मग मी भाषांतर काय केलं? यंत्राला विचारून पाहिलं, तर त्यानं ‘दारू धान्यात मोजा’ असं सुचवलं. ग्रेन या वजनाचं धान्य झालं!

आणि मूळ प्रश्न रीलोडिंगचा. ‘काडतूस भरणे’ लिहिलं तर वाचक काय समजेल? बंदुकीत काडतूस भरलं, की काडतुसात दारू?

धुळ्याहून

ताई, नेमकं दुखणं सांगितलंत. आमच्या अहिराणीतही तोच घोळ. ‘बंदूक भरेल शे’ म्हटलं की घरातली पोरं लांब पळायची. ‘काडतूस भरेल शे’ हेसुद्धा त्याच क्रियापदानं. घोळ यायचं कारण असं, की पूर्वी ही दोन कामं वेगळी नव्हतीच. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा, छर्रे सगळं नळीच्या तोंडातून घालायचं आणि गजानं ठासायचं. बंदूक भरणे म्हणजेच बार भरणे. काडतूस आलं तेव्हा भरण्याचं काम बंदुकीबाहेर गेलं, पण क्रियापद दोन्हीकडे राहिलं.

म्हणून मी म्हणेन, दारू घालण्याला ‘बार भरणे’ आणि बंदुकीत घालण्याला ‘काडतूस चढवणे’. पहिला शब्द जुना आहे, त्याला धक्का लावू नका. फुसका बार, लग्नाचा बार, सगळे त्याच घरातले.

रावेरहून

‘पुनर्भरण’ का नको? शासकीय आहे, शुद्ध आहे.

धुळ्याहून

जिभाऊ, रावेरात बसून हे तुम्ही विचारता? तुमच्याकडे केळीमुळे पाणी खाली गेलं, दर दुसऱ्या सभेत ‘विहीर पुनर्भरण, बोर पुनर्भरण’ चाललेलं असतं. त्यात कुणी बंदुकीच्या काडतुसांबद्दल ‘बारा बोरचे पुनर्भरण’ असं छापलं तर लोक अर्ज घेऊन कृषी कार्यालयात जातील. एकाच वेळी बारा बोअरवेलना अनुदान मिळतंय म्हणून.

रावेरहून

हार मानली. 😄 पण त्या बारा बोरमधला ‘बारा’ कशाचा हे कुणी सांगाल? मी लहानपणापासून बारा मिलिमीटर समजत होतो.

धरणगावहून

मिलिमीटर नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोरची. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोर ही बारापेक्षा अरुंद. उलटा हिशोब, त्यामुळे पोरांना शिकवताना दोनदा सांगावा लागतो. (मास्तरकी सुटली, सवय सुटली नाही.)

आता ‘काडतूस’ या शब्दाबद्दल. आमच्याकडे एक व्युत्पत्ती छातीठोकपणे सांगतात. काडी अधिक तूस. काडी पेटते आणि वरचं तूस म्हणजे टरफल राहतं, म्हणून काडतूस. ऐकायला झकास आहे, पण खरी नाही. शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशू’वरून आला, आणि त्याच्यामागे इटालियन भाषेतली कागदाची गुंडाळी आहे. कागद म्हणायचं कारण असं, की सुरुवातीचं काडतूस म्हणजे दारूची आणि गोळीची पुडीच. किराणा दुकानात बांधतात तशी. शिपाई ती दातांनी फाडून दारू नळीत ओतायचा. १८५७ साली चरबीवरून जे पेटलं ते या दातांनी फाडण्यावरूनच. पितळेचं काडतूस असतं तर दात लावायचा प्रश्नच नव्हता.

या शब्दांना आमच्या गावात वेगळं वजन आहे. १८२५ साली जेम्स औट्रमनं खानदेशातली भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावात. सातपुड्यातल्या ज्या माणसांच्या हातात तीरकामठा होता त्यांच्या हातात सरकारी बंदूक आली. ‘फैर’ हा इंग्रजी ‘फायर’चा मराठी अवतार अशाच पलटणींच्या कवायतीतून खेड्यांत उतरला असेल, असा माझा कयास. कयासच म्हणतोय, पुरावा मागू नका.

अमळनेरहून

सर, पुडीचा तपशील लेखात घालणारच. मग आता सरंजाम घेऊ. रिकाम्या नळकांड्याला काय म्हणू? कवच, आवरण, कोश?

धुळ्याहून

पुंगळी. पेपरात रोज वाचतोच की, ‘घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या आढळल्या’. पोलिसांच्या पंचनाम्यानं मराठीला दिलेला हा एक बरा शब्द. कोश म्हटलं की रेशमाचा किडा आठवतो.

जाता जाता एक. पेपरवाले ‘गोळी’ आणि ‘काडतूस’ यांत नेहमी गफलत करतात. तुमच्या लेखात ही चूक चालायची नाही, कारण तिथे पुंगळी, टोकाची गोळी, आतली दारू आणि बुडाची टिकली हे चार वेगळे नग आहेत. चौघांचं मिळून काडतूस.

अमळनेरहून

टिकली! मी ‘प्राइमर’साठी ‘प्रज्वलक’ लिहून ठेवलं होतं.

धुळ्याहून

खोडा ते. दिवाळीत लोखंडी पिस्तुलात टिकल्यांची गुंडाळी घालून कोण उडवत नव्हतं? घोडा आपटला की टिकली फुटते. पुंगळीच्या बुडाशी असते ती चीजही आघातानंच पेटते, तिची ठिणगी आतल्या दारूला लागते. ‘प्राइमर’ म्हटलं तर आमचा रंगारी आधी भिंतीकडे बघेल.

धरणगावहून

टिकली चालेलच, पण त्याआधीचा शब्द विसरू नका. रंजक. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं पेटवायच्या बंदुकीला नळीच्या बुडाशी बारीक भोक असायचं, त्याला कान म्हणत. कानाबाहेर चिमूटभर बारीक दारू ठेवायची, ती रंजक. तोड्याचं जळतं टोक रंजकेला लागलं की आग कानातून आत जायची आणि बार उडायचा. (निकामी केलेल्या तोफेच्या कानात खिळे ठोकत, तो हाच कान.) काम तंतोतंत प्राइमरचंच. जुन्या लिखाणात ‘रंजूक’ असंही रूप सापडतं.

अडचण एकच. आज ‘रंजक’ वाचलं की माणसाला ‘रंजक माहिती’ आठवते.

अमळनेरहून

‘रंजक पुंगळीच्या बुडात बसवावी’ असं वाक्य संपादकांनी वाचलं तर मलाच बसवतील. टिकलीच घेते. पण रंजक तळटीपेत जाईल, एवढा मोह मला आवरणार नाही.

मग प्राइमर ट्रेचं काय? चित्रात एक गोल तबकडी आहे, आत बारीक खाचा. टिकल्या ओतून हलवायच्या, की सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होतात. मग झाकण घालून ताटली उलटायची.

रावेरहून

आमची आई सुपात शेंगदाणे हलवून खडे वेगळे करायची, तसलाच हिसका लागत असणार. उताण्या-पालथ्या टिकल्या सारख्या करायची तबकडी. नाव लांब होतं, पण ‘उलथी तबकडी’ म्हणा. नाही तरी बार भरायचा म्हणजे तबकडी उलथायचीच.

जळगाव एमआयडीसीतून

मी टर्नर. ताई, तुमची यादी वाचून हसू आलं, कारण यातली निम्मी कामं आम्ही रोज करतो. फक्त पुंगळीवर नाही, ठिबकच्या आणि पंपाच्या सुट्या भागांवर.

डायला साचा म्हणू नका. साच्यात ओततात. ठसाही नको, ठसा उमटतो. इथली डाय तसलं काहीच करत नाही. झाडलेली पुंगळी आतल्या दाबानं बंदुकीच्या घरात फुगलेली असते, तिला डायमध्ये दाबून पुन्हा मापाला आणतात. सराफाकडे तार पट्टीच्या भोकातून ओढून बारीक करतात, त्याच्या जवळचं काम. आमच्या शॉपात सगळे डायच म्हणतात, आणि तो शब्द आता मराठी झालाय. लिहा ‘मापाची डाय’. त्याच डायमध्ये एक पिन असते, ती जुनी टिकली ढकलून बाहेर काढते.

शेल होल्डर म्हणजे पुंगळीच्या बुडाची कड ज्या खाचेत अडकते तो छोटा चक्राकार तुकडा. ‘धारक’ वगैरे सरकारी शब्द नका घालू. ‘बूडपकड’.

ट्रिमर : पुंगळी दाबून दाबून लांब होते, ती कापून सारखी करायची. ‘लांबी छाटणे’. कापलं की तोंडाला बर येते. बर म्हणजे काठावर उभं राहिलेलं धातूचं कुसळ, बोट फिरवलं तर कापतं. ‘बर काढणे’ हे आमच्याकडे आठवी पास हेल्परही म्हणतो. मग आतून जरा तिरकी कड मारली की गोळी अलगद बसते, नाही तर तिची साल निघते. त्या अवजाराला ‘बरकाढणी’ म्हणा. कानकोरणं, नखकाढणं या घराण्यात शोभेल.

अमळनेरहून

दादा, ‘बरकाढणी’ म्हणजे सोनं दिलंत.

जळगाव सराफ बाजारातून

सोन्याचं नाव काढलंत म्हणून येतोय. तुमच्या त्या धान्याचा निकाल लावू. ग्रेन हे वजन आहे. पूर्वी एका दाण्याच्या वजनावरून धरलं, म्हणून नाव ग्रेन. ७००० ग्रेनचा एक पौंड. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम.

आपल्याकडेही वजन बियांवरूनच आलं. गुंज. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला. भागाकार करा, एक गुंज भरते १.८७५ ग्रेन. म्हणजे तुमच्या अमेरिकन हौशी माणसाच्या टेबलावरचा काटा आणि माझ्या आजोबांचा काटा एकाच जातीचे. बारीक वजनाला आम्ही तराजू म्हणत नाही, काटाच म्हणतो. पण लेखात ग्रेनचं गुंज करू नका हं, आकडा तोच राहिला तर दारू जवळजवळ दुप्पट होईल आणि कुणाचा तरी हात जाईल. ‘ग्रेन’ तसंच ठेवा.

अमळनेरहून

काका, लेखात आकडे मुळीच नाहीत, आणि मी घालणारही नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, तेही चौकटीत देतेय.

पण पावडर मेजर अजून अडलंय. लेखक एकदा काट्यावर वजन करा म्हणतो, एकदा ‘डिपर’नं, म्हणजे ठरावीक मापाच्या छोट्या पळीनं मोजा म्हणतो. दोन्हीला ‘माप’ लिहिलं तर गोंधळ होतोय.

रावेरहून

इथे मी उपयोगी पडतो. आमच्या घरी अजून लाकडी मापटं आणि चिपटं आहे. मापटं म्हणजे अर्धा शेर, चिपटं पाव. मापटंभर ज्वारी आणि मापटंभर सरकी, माप एकच, पण काट्यावर घातलं की सरकी हलकी. दारूचंही तेच असणार. एकीचे कण बारीक, एकीचे फुगीर. डिपर भरून घेतलं तर आकारमान सारखं येतं, वजन नाही. म्हणून डिपरला ‘मापटं’ म्हणा आणि काट्याला ‘काटा’. ‘मोजणे’ मापट्याला, ‘तोलणे’ काट्याला. घोळ मिटला.

आणि फनेलला चाडं. तिफणीवर बाई मूठ धरते ते चाडं. वरून तोंड रुंद, खाली नळी, आणि हातानं नेमकं सोडायचं.

धुळ्याहून

चाडं काळजाला भिडलं, पण नको. चाड्यातून बी सतत पडत राहतं, मुठीतून. इथे एकदा मोजून एकदाच ओतायचंय. घरात रॉकेल ओतायचं ते नरसाळं बरं.

रावेरहून

नरसाळं मान्य. पण चाडं कुणाच्या तरी लेखात यायला हवं बुवा.

जळगाव एमआयडीसीतून

लोडिंग ब्लॉक राहिला. भोकं पाडलेला लाकडी ठोकळा, प्रत्येक भोकात एक पुंगळी उभी. आमच्या बायकोनं चित्र पाहून ‘अप्पेपात्र’ म्हटलं. उपयोग मात्र गमतीचा नाही. सगळ्या पुंगळ्या एका नजरेत दिसतात, कुठे दारू पडली नाही आणि कुठे दोनदा पडली ते वरून बॅटरी मारून बघता येतं. दोनदा पडली तर बंदूकच फुटायची. ‘घरांचा ठोकळा’ लिहा.

धरणगावहून

सगळ्या सरंजामाला मिळून ‘अ‍ॅक्सेसरीज’ला काय ठरलं? ‘उपसाधने’ मला रुचत नाही, परीक्षेच्या पेपरासारखं वाटतं.

अमळनेरहून

तुम्हीच आत्ता वापरलात की सर. सरंजाम. पहिल्या प्रश्नात मीही तोच लिहिला होता, लक्षात आलं नाही.

लेखाचं शीर्षक आता ‘बार भरायचा सरंजाम’. फक्त संपादकांचा फोन आला होता. त्यांना वाटलं, लग्नसराईवर काहीतरी हलकंफुलकं पाठवतेय.